गावात बँक आली कशी? दापोड्याहून गप्पा

हे आजच्या भागाचं लिखित रूप. इअरफोन घरी राहिला असेल किंवा शेजारी कोणी झोपलं असेल तर वाचून काढा. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे कसं" आणि "काय म्हणतात ते" एवढे गाळलेत.

एक काम करा. फोनमध्ये बँकेचं ॲप उघडा आणि तुमच्या खात्याचा आयएफएससी कोड बघा. अकरा जागा असतात. पहिली चार अक्षरं बँकेची. पाचव्या जागी शून्य, तो पुढे कधी लागला तर म्हणून राखून ठेवलेला. आणि शेवटच्या सहा जागा शाखेच्या. मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे मला आधी कोड दिसतो आणि मग इमारत दिसते. पण त्या सहा जागा म्हणजे खरंच एक इमारत असते. अर्धं ओढलेलं शटर, आत लाकडी काउंटर, दोरीला बांधलेलं पेन, भिंतीवर व्याजदरांचा फळा. तुम्ही चहाचे दहा रुपये यूपीआयनं देता, तेव्हा पडद्यामागे तुमचा यूपीआय आयडी उलगडून त्यातून खाते क्रमांक आणि हाच आयएफएससी काढला जातो. म्हणजे ज्या शाखेत तुम्ही चार वर्षांत पाऊल टाकलेलं नाही, तिचा पत्ता तुम्ही दिवसातून पाच वेळा वापरता.

आजचा विषय त्या शेवटच्या सहा जागा. गावातली बँकेची शाखा. ती आली कुठून, कोणी आणली, आणि आता तिचं काय चाललंय.

मी बोलतोय दापोड्याहून. भिवंडी तालुका. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ठाण्याहून नाशिककडे निघालात की मानकोली नाका लागतो, तिथून आत वळलात की आमचा पट्टा. दापोडे, वळ, गुंदवली, पूर्णा, राहनाळ. तुम्ही ऑनलाइन मागवलेला मिक्सर किंवा बूट बहुतेक वेळा याच भागातल्या एखाद्या गोडाऊनमध्ये रात्रभर मुक्कामाला असतो. आधी इथे भात होता. बँकेच्या गोष्टीत भात आणि गोडाऊन दोन्ही येणार आहेत, पण त्याआधी थोडं मागे जावं लागेल.

बँक नव्हती तेव्हा काय होतं? सावकार होता. शाळेच्या पुस्तकात सुप्याचं नाव वाचलं असेल. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे, बाजाराचा दिवस. शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि कर्जाचे कागद जाळले. पुढे हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत गेलं. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. लोकांचा मुख्य राग कागदावर होता. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी डेटाबेस उडवला, कारण बॅकअप कुठेच नव्हता. त्या आधीची दहा-बारा वर्षं बघितली तर कारण कळतं: अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं तोवर इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, युद्ध संपल्यावर भाव कोसळला, सारा मात्र भरायचाच होता. १८७९ मध्ये सरकारनं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. कर्जाच्या दाव्यांत कोर्टाला थोडी ढवळाढवळ करता यायला लागली.

पण ती घाटावरची गोष्ट. आपल्या ठाणे जिल्ह्याची गोष्ट वेगळी आणि जास्त कडू आहे. पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ साली, त्याआधी डहाणू-तलासरी सगळं ठाण्यातच. तिथल्या वारली माणसाला लग्नासाठी कर्ज काढावं लागायचं. फेडायला पैसे नसायचे, मग तो जमीनदाराकडे राबायचा, त्याची बायको राबायची, आणि व्याज संपायचंच नाही. अशा माणसाला नाव होतं, लग्नगडी. लग्न करायचं म्हणून गडी झालेला. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या कार्यकर्त्यांबरोबर वारली उठले, ते या वेठबिगारीविरुद्ध. गोदावरीबाईंनी नंतर त्यावर पुस्तक लिहिलं, "जेव्हा माणूस जागा होतो". कर्ज आणि गुलामी यांच्यात किती पातळ रेघ असते हे समजायला ते वाचा. भिवंडीपासून डहाणू काही दुसऱ्या ग्रहावर नाही.

बरं, मग सरकारनं काय केलं? १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. १९११ मध्ये मुंबईत विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लुभाई सामळदास यांनी जी सहकारी बँक सुरू केली, तीच आजची राज्य सहकारी बँक, वर्तमानपत्रं जिला शिखर बँक म्हणतात. वर शिखर बँक, मध्ये जिल्हा बँक, खाली गावची सोसायटी, असे तीन मजले. तुमच्या आजोबांनी "सोसायटीचं कर्ज" म्हटलं तर ते हौसिंग सोसायटीबद्दल बोलत नाहीत. ते या तळमजल्याबद्दल बोलतात. पिकासाठी कर्ज, सातबाऱ्यावर बोजा, भात विकला की फेड, पुन्हा नवं कर्ज.

रचना कागदावर सुंदर होती. पण १९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं देशभर पाहणी केली, गोरवाला समितीची, तेव्हा निघालेले आकडे बघा. ग्रामीण माणूस शंभर रुपये कर्ज घेत असेल तर त्यातले साधारण सत्तर रुपये सावकाराकडून. सहकारी संस्थांकडून तीन रुपये आणि थोडी चिल्लर. आणि व्यापारी बँकांकडून? नव्वद पैसे. एक रुपयासुद्धा नाही! स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती, मुंबईच्या फोर्टात बँकांच्या दगडी इमारती उभ्या होत्या, आणि गावाच्या शंभर रुपयांत त्यांचा वाटा नव्वद पैसे.

त्या समितीच्या शिफारशीवरून १ जुलै १९५५ ला इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि तिला सांगितलं गेलं, पाच वर्षांत चारशे नव्या शाखा उघडा. तिनं उघडल्या. मग १९ जुलै १९६९. चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण. यावर पक्ष आणि राजकारण याबद्दल तासभर भांडता येईल, ते तुमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर करा. मी फक्त शाखा मोजतो. त्या वेळी देशात बँकांच्या सगळ्या मिळून ८,२६२ शाखा होत्या, त्यातल्या ग्रामीण १,८३३. सरासरी काढली तर एका शाखेमागे सुमारे ६४ हजार माणसं.

चौदांपैकी एक आपल्या जवळची: बँक ऑफ महाराष्ट्र. प्राध्यापक वा. गो. काळे आणि द. कृ. साठे यांच्या पुढाकारानं पुण्यात १९३५ मध्ये नोंदली गेली, १९३६ मध्ये कामकाज सुरू. राष्ट्रीयीकरणानंतर धनंजयराव गाडगीळ यांच्या अभ्यासगटानं सुचवलं की प्रत्येक जिल्हा एखाद्या बँकेकडे सोपवावा, कुठे शाखा हवी, कुठल्या पिकाला किती कर्ज लागतं, हे त्या बँकेनं बघावं. ही अग्रणी बँक योजना. ठाणे जिल्ह्याची अग्रणी बँक आहे बँक ऑफ महाराष्ट्र. म्हणजे एका अर्थी दापोड्याच्या शेतात उभं राहून "इथे बँक कुठे लागेल?" हा प्रश्न विचारण्याची नोकरी पहिल्यांदाच कोणाला तरी दिली गेली.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. १९७७ मध्ये रिझर्व्ह बँकेनं एक नियम केला. एखाद्या बँकेला जिथे आधीच बँक आहे तिथे, म्हणजे समजा ठाणे शहरात, एक नवी शाखा हवी असेल, तर तिनं जिथे एकही बँक नाही अशा चार ठिकाणी शाखा उघडायच्या. चारास एक. बस. कुठलं भाषण नाही, आवाहन नाही, दोन ओळींची अट. ज्यानं कधी कोड लिहिलाय त्याला यातली गंमत कळेल. बँकेला जे स्वतःहून हवं होतं (शहरातली शाखा) त्याची चावी, तिला जे नको होतं (गावातली शाखा) त्यात ठेवली. हा नियम १९९० पर्यंत चालला. तोवर शाखेमागची माणसं ६४ हजारांवरून साधारण १४ हजारांवर आली, आणि ग्रामीण शाखा ३५ हजारांच्या घरात गेल्या.

याचा उपयोग झाला का? रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञांनी नेमका हाच नियम धरून अभ्यास केला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. नियम १९७७ ला लागला आणि १९९० ला सुटला, त्यामुळे त्यांना आयताच प्रयोग मिळाला. निष्कर्ष असा की जिथे अशा नव्या गावांत शाखा गेल्या तिथे ग्रामीण गरिबी कमी झाली. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कर्जं बुडाली, आणि भरपूर बुडाली. लोन मेळे भरवून कर्जं वाटली गेली. १९९० मध्ये दहा हजारांपर्यंतची कर्जमाफी आली आणि ज्यानं प्रामाणिकपणे हप्ते भरले त्याला वाटलं आपण मूर्ख ठरलो. बँका तोट्यात रडत होत्या. मग १९९१ ची नरसिंहम समिती आली, नफ्याची भाषा आली, आणि पुढच्या पंधरा वर्षांत ग्रामीण शाखांची संख्या वाढण्याऐवजी थोडी घटली. मला विचाराल तर चारास एक हा नियम बरोबर होता आणि त्यावरून केलेली कर्जवाटप बऱ्याच ठिकाणी चुकीची होती. लोक या दोन गोष्टी एकत्र करतात आणि मग सगळंच एका शिवीत गुंडाळतात.

त्या काळातली शाखा आतून कशी चालायची, हे आपल्या पिढीला माहीतच नाही, म्हणून थोडं सांगतो. मॅनेजर, कॅशियर, एक-दोन क्लार्क, एक शिपाई. पैसे काढायचे तर स्लिप भरा, पासबुकासोबत द्या, पितळी टोकन घ्या आणि बाकावर बसा. क्लार्क जाडजूड लेजर काढणार, तुमचं पान शोधणार, सही ताडून बघणार, शिल्लक लिहिणार. मग तो कागद अधिकाऱ्याकडे, मग कॅशियरकडे, मग "टोकन सतरा!" असा आवाज. सही येत नसेल तर अंगठा, आणि शेजारी "नि. अं." म्हणजे निशाणी अंगठा. तिजोरीला दोन चाव्या, एक मॅनेजरकडे, एक कॅशियरकडे. एकट्याला उघडताच येणार नाही. आज आपण टू-फॅक्टर म्हणून जे मिरवतो ते या खेड्यातल्या लोखंडी तिजोरीला कधीचं होतं, आणि त्याला ओटीपी येईपर्यंत नेटवर्क लागत नव्हतं.

आणखी एक मजेशीर गोष्ट. बचत खात्यावर व्याज कसं काढायचे माहितीये? महिन्याच्या दहा तारखेपासून शेवटच्या दिवसापर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तिच्यावर. म्हणजे महिनाभर वीस हजार ठेवले आणि २८ तारखेला लग्नाच्या आहेरासाठी अठरा हजार काढले, तर व्याज दोन हजारांवर. कारण सोपं होतं, हातानं लिहिलेल्या लेजरमधून शेकडो खात्यांची रोजची शिल्लक काढून व्याज मांडणं कोणाच्या बापाला जमणार? पण बँकांत कॉम्प्युटर येऊन कित्येक वर्षं झाली तरी हा नियम तसाच राहिला. रोजच्या शिलकीवर व्याज सुरू झालं ते १ एप्रिल २०१० पासून. मशीनला एका सेकंदाचं काम होतं, आणि मधली वर्षं तो फरक बँकांच्या खिशात गेला. जुना कोड कोणी का बदलत नाही, याचं उत्तर नेहमी तांत्रिक नसतं!

आणि एक न दिसणारा दरवाजा होता: ओळख. खातं काढायचं तर त्याच शाखेतल्या एखाद्या खातेदारानं फॉर्मवर सही करून "मी यांना ओळखतो" असं लिहावं लागायचं. ऐकायला साधं वाटतं. पण गावात आधीपासून खातं कोणाचं असणार? ज्याच्याकडे जमीन आहे, ज्याचा नोकरीचा पगार येतो, जो सोसायटीवर निवडून आलाय त्याचं. मग कातकरी पाड्यावरच्या बाईनं खातं काढायचं तर ती कोणाच्या दारात जाणार? ज्याच्याकडे ती मजुरीला जाते त्याच्याच. सावकार पुस्तकातून गेला आणि ओळखीच्या सहीतून परत आला, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. ही अट पुढे रिझर्व्ह बँकेनं काढून टाकली, आधार आणि केवायसी आलं. आधारवर टीका करायला माझ्याकडेही बरंच आहे, पण या एका जागी त्यानं कोणाच्या तरी उंबऱ्यावर उभं राहायचं वाचवलं, हे मान्य करायला हवं.

बायकांच्या बाबतीत तर एक वेगळंच उदाहरण आहे, सातारा जिल्ह्यातलं, माण तालुक्यातल्या म्हसवडचं. चेतना गाला सिन्हा यांच्याकडे एक बाई आली, तिला थोडे थोडे पैसे साठवायचे होते आणि एवढ्याशा रकमेसाठी बँक खातं काढून देईना. मग बायकांचीच बँक काढायचं ठरलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शिकल्या आणि पुन्हा गेल्या, आणि तिथल्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या की व्याजाचा हिशोब तोंडी घाला, आम्ही करून दाखवतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

आता गोडाऊन. आमच्याकडे गोडाऊन का आले, हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. मुंबईत माल शिरला की जकात लागायची. मग माल जकातीच्या हद्दीबाहेर ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, हे व्यापाऱ्याच्या सोयीचं. हद्दीबाहेर, तरीही हायवेवर, आणि जेएनपीटी बंदराला जवळ, असा पट्टा कुठला? आमचा. जागा ग्रामपंचायतीत. भाताच्या खाचरात भराव पडला, पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली, तेव्हा काहींना वाटलं आता हे संपणार. उलट झालं. राज्याराज्यात छोटी गोदामं ठेवायची गरज संपली, कंपन्यांनी मोठी गोदामं घेतली, आणि ती पुन्हा इथेच.

बँकेच्या दृष्टीनं याचा अर्थ काय? पीक कर्ज घ्यायला येणारा शेतकरी आता भाडं जमा करायला यायला लागला. सातबाऱ्यावर भात होता तिथे बिनशेती आलं. जिथे कर्ज हा मुख्य धंदा होता तिथे ठेवी मुख्य झाल्या. बँकवाले एक गुणोत्तर मोजतात, शंभर रुपये ठेव आली तर त्यातलं कर्ज किती दिलं. ग्रामीण भागासाठी रिझर्व्ह बँकेची अपेक्षा साठाची आहे. जमिनीचा पैसा आलेल्या गावात हे गुणोत्तर गडगडतं, कारण ठेवी डोंगराएवढ्या आणि कर्ज मागणारा कोणी नाही. सरळ भाषेत, गावानं जमीन विकून आलेला पैसा बँकेत ठेवला आणि बँकेनं तो दुसरीकडे, एखाद्या शहरातल्या फ्लॅटसाठी कर्जाऊ दिला. १९७० च्या दशकात गावात शाखा आणली ती शहराचा पैसा गावात यावा म्हणून. आमच्यासारख्या पट्ट्यात पाइप तोच आहे, पाणी उलटं वाहतंय.

आणि गोडाऊनमध्ये राबणारा पोरगा? तो उत्तर प्रदेशातला नाहीतर बिहारमधला. त्याचा पगार दापोड्यात, पण खातं आझमगडकडच्या किंवा दरभंग्याकडच्या कुठल्यातरी गावच्या शाखेत, आईच्या नावाजवळ. पाच-सात वर्षांपूर्वीपर्यंत नाक्यावरच्या मनी ट्रान्सफरच्या दुकानात पगाराच्या दिवशी रांग असायची, आता तो काम संपल्यावर उभ्या उभ्या यूपीआयनं पाठवतो. म्हणजे त्या दूरच्या शाखेचं पोट आमच्या गोडाऊनवर चालतं. याचा हिशोब आमच्या गावच्या कुठल्याच रजिस्टरात सापडणार नाही.

आता २०१६. ८ नोव्हेंबरची रात्र सगळ्यांना आठवते. पण १४ नोव्हेंबर कमी जणांना आठवतो. त्या दिवशी रिझर्व्ह बँकेनं जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या पाचशे-हजारच्या नोटा घेण्यास बंदी केली. बदलून द्यायच्या नाहीत, खात्यात भरूनही घ्यायच्या नाहीत. महाराष्ट्रात अशा ३१ जिल्हा बँका, आपली ठाणे जिल्हा मध्यवर्ती त्यातलीच. गावाकडे ज्याचं एकच खातं असतं, ते बहुतेक वेळा जिल्हा बँकेतच, कारण सोसायटीचं कर्ज तिथून येतं. वेळ बघा: दिवाळी नुकतीच झालेली, कोकणात भात कापून झालाय, झोडणी चाललीय, हातात आलेला पैसा जुन्या नोटांत, आणि गावातली बँक म्हणते आमच्याकडे नको, तालुक्याला जा. या बँकांतून काळा पैसा पांढरा होईल ही सरकारची भीती, आणि ती अगदी हवेतली नव्हती, जिल्हा बँकांचं राजकारण आपल्याला माहीत आहे. पण शिक्षा झाली ती खातेदाराला. पहिल्या चार दिवसांत घेतलेल्या नोटा तर या बँकांकडेच पडून राहिल्या, त्या जमा करून घ्यायला परवानगी मिळाली जून २०१७ मध्ये.

याच धामधुमीत आपल्याच जिल्ह्यातलं एक गाव देशभर गाजलं. मुरबाड तालुक्यातलं धसई. १ डिसेंबर २०१६ ला ते राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. बँक ऑफ बडोदानं दुकानदारांना कार्डाची मशीन दिली, वडापाववाल्यापर्यंत. टीव्हीच्या गाड्या आल्या. काही महिन्यांनी गाड्या गेल्या आणि रोख परत आली. नेटवर्क नसलं की मशीन म्हणजे पेपरवेट, आणि दुकानदाराला ठाण्या-कल्याणच्या होलसेलवाल्याला रोखच द्यायची होती. हसण्यासारखं यात काही नाही. देशातही तेच झालं, मार्च २०१८ पर्यंत चलनातली रोख नोटबंदीच्या आधीएवढी झाली होती. पण तीच धसई, तेच दापोडे, आज वडापाववाला क्यूआर लावून बसलाय आणि त्याला कोणी भाषण दिलेलं नाही. फोन स्वस्त झाला, डेटा स्वस्त झाला, आणि क्यूआरच्या स्टिकरला मशीनचं भाडं लागत नाही. मला वाटतं खरं कारण हे शेवटचं आहे.

मग शाखा हवी कशाला? हा प्रश्न माझ्या ऑफिसातले मित्र मला विचारतात, आणि प्रामाणिकपणे विचारतात. कोअर बँकिंग आल्यापासून लेजर शाखेत नाहीच, ते कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये आहे. सर्व्हर डाउन असला तर गावातला मॅनेजर तुमच्याइतकाच हतबल. विलीनीकरणं झाली. १ एप्रिल २०१९ ला विजया आणि देना या दोन्ही बँका बडोद्यात गेल्या. जाता जाता, देना हे नाव देवकरण नानजी यांच्या नावातलं पहिलं अक्षर घेऊन केलेलं, "देणं" वरून आलं असं लोक उगाच समजतात. बोर्ड बदलला, कोड बदलले, जवळ जवळ दोन शाखा असतील तिथे एकीचा पत्ता बदलला. म्हाताऱ्या माणसाला पासबुकावरचं नाव बदललं म्हणजे पैसे कुठे गेले हेच आधी कळेना.

माझं उत्तर असं असतं. सगळं ठीक चाललेलं असतं तेव्हा शाखा लागत नाही. आमच्या आळीतल्या एका आजींचा अंगठा मशीनवर उमटत नाही. आयुष्यभर चिखलात लावणी केली, भांडी घासली, रेषा झिजल्या. बँक मित्राच्या दुकानात तीनदा बोट पुसून, पुन्हा ठेवून, "मॅच होत नाही". त्यांना शाखेत नेलं तर माणूस माणसाला बघून काम करतो, स्लिप भरतो. किंवा तुमचंच घ्या. कोणीतरी फसवणुकीचे पैसे तुमच्या खात्यात फिरवले आणि पोलिसांच्या सांगण्यावरून खातं गोठवलं गेलं. ॲपवर काय येतं? "कृपया आपल्या होम ब्रँचशी संपर्क साधा." त्या वेळी त्या सहा जागांची किंमत कळते. घरातलं माणूस गेलं, नॉमिनी लावलेला नाही, वारसांचे कागद द्यायचेत: शाखा. केवायसी संपलं म्हणून आईची पेन्शन अडकली: शाखा. आणि तिथे पाच माणसांच्या जागी दोन माणसं काम करत असतात, त्यातला एक कालच दुसऱ्या राज्यातून बदलून आलेला, मराठी शिकतोय. त्याच्यावर ओरडू नका एवढंच सांगतो.

शेवटी एक कामाची गोष्ट, कारण या विषयावर मला सगळ्यात जास्त मेसेज याचेच येतात. दहा वर्षं ज्या खात्याकडे कोणी फिरकलं नाही, त्यातली रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत वर्ग करते. २०१४ पासून हा निधी आहे. पैसा बुडत नाही, वारस कधीही मागू शकतो, फक्त मागावा लागतो. ऑगस्ट २०२३ पासून उद्गम नावाचं पोर्टल आहे, तिथे तुमच्या मोबाइल नंबरनं नोंदणी करायची, खातेदाराचं नाव टाकायचं आणि पॅन, मतदार ओळखपत्र, जन्मतारीख असं काहीतरी एक. मोठ्या बँका त्यात आहेत. पोर्टलवर सापडलं तरी पैसे पोर्टल देत नाही, अर्ज शाखेतच करायचा. जिल्हा बँकेतलं जुनं खातं असेल तर सरळ शाखेतच जा. पेटीतली सगळी जुनी पासबुकं बाहेर काढा, फाटलेली पण. बँकेचं नाव आज नसेल तर ती कोणात विलीन झाली ते बघा. नाव टाकताना स्पेलिंगचे तीन-चार प्रकार करून बघा, कारण क्लार्कनं त्या काळी ऐकू आलं तसं लिहिलंय. आमच्याकडे तर एकाच माणसाचं आडनाव सोसायटीत वेगळं आणि बँकेत वेगळं असं सर्रास आहे, कोणी गावावरून लावतं, कोणी लावत नाही.

पुढच्या भागात सातबारा ऑनलाइन झाल्यावर नेमकं काय बदललं त्यावर बोलू. तोवर घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांच्या खात्याच्या फॉर्मवर ओळख म्हणून सही कोणी केली होती. उत्तर व्हॉइस नोटनं पाठवा, दोन मिनिटांच्या आत.